चोरीच्या तक्त्यातली बारावी नोंद

तीर्थरूप मामांना रागावलेल्या भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांची हालहवाल आईकडून कळली. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं असताना तुम्ही कुंड्यांपाशी वाकताच, हेही कळलं. मोतीबिंदू काढल्यापासून मामींना घरातली सगळी जळमटं दिसायला लागली आहेत आणि त्यामुळे तुमचा जीव मेटाकुटीला आला आहे, हे ऐकून (खोटं कशाला बोलू) जरा बरं वाटलं. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून. मी गेले दहा दिवस इतकी फणफणते आहे की आई माझ्यासमोर चहाचा कप ठेवते आणि चार पावलं मागे सरते.

झालं असं. आमच्या महाविद्यालयात गुन्ह्यांचा अभ्यास करणारा एक विभाग आहे. विभाग म्हणजे दोन खोल्या, साडेतीन खुर्च्या आणि एक विभागप्रमुख. (अर्धी खुर्ची माझी.) कारखानदारांच्या संघटनेच्या सांगण्यावरून प्रमुखांनी मला विषय दिला, 'कामाच्या ठिकाणी होणाऱ्या चोऱ्या'. मी निमूटपणे वही घेऊन पुलापलीकडच्या एका कारखान्यात महिनाभर जाऊन बसले. स्वयंपाकघरात बसवतात ते दगडी ओटे तिथे कापतात आणि आरशासारखे घासतात. तीन वर्षांत तिथे अकरा चोऱ्या झाल्या होत्या. एक पंखा, नट आवळायचे दोन पाने, काही पॉलिशचे डबे, एक सायकल आणि मुकादमाच्या खुर्चीवरची उशी. उशीची फिर्याद चार पानांची आहे, मामा. तिच्या कोपऱ्यावर फूल विणलेलं होतं, हेसुद्धा तीत आहे.

चोर सापडतील म्हणून मी हजेरीपत्रकं चाळायला घेतली, तर त्यांत नऊ नावांवर लाल रेघ. हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाला विचारलं, ही माणसं कुठे गेली? तो म्हणाला, "गेली." मी म्हटलं, कामाला कुठे गेली? त्याने पेन छताकडे केलं आणि पुन्हा आकडे लिहायला लागला. नऊ माणसं, तीन वर्षांत. कोणी पन्नाशी पाहिलेली नाही. सगळी घासकामातली आणि सगळ्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ. कापताना पात्यावर पाणी सोडलं तर ही धूळ खाली बसते, हे तिथल्या मांजरालाही माहीत आहे. पण ओली लादी वाळेपर्यंत थांबावं लागतं आणि थांबलं की माल उशिरा निघतो, म्हणून नळाचं चाकच काढून ठेवलेलं. एक कामगार रोज मुकादमाकडे जाऊन पाणी सोडा, पाणी सोडा म्हणायचा. त्यावरून त्याचं नावच पाणीवाला पडलं. मी भेटले तेव्हा त्याला कामावरून काढून सहा महिने झाले होते. वय एक्केचाळीस. आपल्याच घराचा जिना चढताना चौथ्या पायरीवर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगतो, इथे हवा छान लागते.

आता संतापाची खरी गोष्ट. पाणीवाल्याची बायको त्याच कारखान्यात झाडलोट करते. सगळे तिला मावशी म्हणतात. (तीच ती धूळ, फक्त खाली बसलेली. झाडली की पुन्हा उठते.) स्टोअरमध्ये काचेचं कपाट आहे, त्यात चांगल्या प्रतीचे मास्क. कपाटाला कुलूप आणि वर पाटी, 'फक्त पाहुण्यांसाठी'. एका दुपारी किल्ली कुलपालाच राहिलेली दिसली, म्हणून मावशींनी सहा मास्क बादलीत, फडक्याखाली घातले. एक स्वतःला आणि पाच घासकामातल्या पोरींना. फाटकावर पहारेकऱ्याने बादली उपडी केली. तासाभरात पोलीस आले. नऊ माणसं मेली तेव्हा गाडी आली नव्हती, मामा. सहा मास्कांना आली.

मी माझ्या अहवालात अकरा चोऱ्यांच्या तक्त्याशेजारी नऊ मृत्यूंचा तक्ता जोडला. प्रमुखांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हे आपल्या व्याख्येत बसत नाही. चोरी हा गुन्हा. हे दुर्दैव." मी म्हटलं, सर, व्याख्या म्हणजे काय आपल्या विभागातली खुर्ची आहे का, एकच बसेल? एका माणसाने नऊ जणांना नऊ दिवशी मारलं असतं तर आपण त्याच्यावर परिषद भरवली असती. इथे नळाचं चाक कोणी काढलं ते ठाऊक आहे, कशासाठी काढलं तेही ठाऊक आहे, आणि आपण अभ्यास कशाचा करतोय, तर उशीचा! त्यांनी शांतपणे दुसरा तक्ता काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. टोपलीत मात्र तो बरोबर बसला.

मग माझं डोकं फिरलं. मी कारखान्याच्या खिडकीतली धूळ कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि थेट पोलीस चौकीत जाऊन नऊ मृत्यूंची फिर्याद द्यायला बसले. हवालदार भला माणूस. त्याने नवी वही काढली.

"मारणारा कोण?"

"कारखाना."

"पूर्ण नाव?"

"ते पाटीवर आहे."

"हत्यार?"

मी बाटली टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. त्याने मान मागे घेतली, नाकाला रुमाल लावला आणि ओरडला, "अहो बाई, झाकण लावा आधी! मला दम्याचा त्रास आहे!" आणि उठून खिडकी उघडली. मी म्हटलं, साहेब, एवढंच लिहा. एवढंच! एक चिमूट पाहून तुम्ही खिडकी उघडलीत, ती माणसं रोज नऊ तास आत होती. त्याने खरंच वही पुढे ओढली. वाटलं, लिहितोय आता. पण मग त्याने विचारलं, ही धूळ तुम्हाला कारखान्याने दिली की तुम्ही उचलली? मी अभिमानाने म्हटलं, उचलली. त्याने मॅनेजरला फोन लावला. अर्ध्या तासात मॅनेजर आला आणि विनापरवाना आत शिरून कारखान्याचा माल नेल्याची तक्रार देऊन गेला. त्या दिवशी चौकीत एकच गुन्हा नोंदला गेला, आणि तो माझा. आता माझ्याच तक्त्यात मी बारावी चोर आहे. (मावशी धरल्या तर तेरावी. पण त्यांना चोर लिहायला माझा हात उचलत नाही.)

त्यानंतर मी एक चांगलं काम केलं. टोपलीतून तक्ता काढला, इस्त्रीने सरळ केला, त्याच्या चाळीस प्रती काढल्या आणि संघटनेच्या सभेत वाटायच्या प्रत्येक अहवालात चोऱ्यांच्या तक्त्यावरच डकवल्या. अध्यक्षांनी पान उघडलं आणि सभागृहात मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला त्यांना कळलं की या चोऱ्या नाहीत. चौथ्या नावाशी त्यांनी अहवाल मिटला. मला विभागातून काढलं आहे. अर्धी खुर्ची आता मोकळी आहे.

मावशींची सुनावणी येत्या गुरुवारी आहे. वकीलबाई म्हणतात, मास्क कामगारांना कधी दिलेच नाहीत, हे सिद्ध झालं तर निकाल मावशींच्या बाजूने लागेल. पण कागद वेगळंच सांगतात.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमची
भाची

ता. क. आई म्हणते, मामांना असलं काही लिहू नकोस, त्यांचा रक्तदाब वाढेल. तेव्हा गोळी घेऊन पुढचं वाचा.

ता. क. दुसरा. वकीलबाईंनी मागवलेल्या फायलीत चार वर्षांपूर्वीचा सरकारी तपासणीचा कागद निघाला. 'धूळ नगण्य. सर्व कामगारांकडे मास्क आढळले.' खाली कारखाना निरीक्षकाची सही. निवृत्तीआधीची ती तुमची शेवटची तपासणी होती, मामा. 'फक्त पाहुण्यांसाठी' म्हणजे कोणासाठी, हे मला तेव्हा समजलं. गुरुवारी सकाळी साडेदहाला न्यायालयात या. त्या दिवशी तुम्ही घासकामाच्या शेडमध्ये गेला होता की ऑफिसातच चहा घेऊन सही केलीत, एवढंच खरं सांगायचं आहे. गाडी मी पाठवीन. गुडघ्यांची सबब चालणार नाही, तिथे लिफ्ट आहे.

ता. क. तिसरा. काल मावशींना मी विचारलं, तपासणीला कधी कोणी आलं होतं का? त्या म्हणाल्या, एकदा एक साहेब शेडच्या दारापर्यंत आले होते. माझा खोकला ऐकून थांबले. कधीपासून आहे, असं विचारलंसुद्धा. तेवढं कोणीच विचारलं नव्हतं हो, चांगला माणूस होता. मग मॅनेजरने हाक मारली, म्हणून परत गेले.

ते साहेब माझे मामा आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.