सात नंबरची पावलं

प्रिय सात नंबर,

पाकिटात पत्राबरोबर एक छापील फॉर्म सापडेल. तो आधी उलगडू नकोस. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, पण नऊ वर्षांनी लिहितेय तर एवढं ऐक. तुझी एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली आहे. सोमवारच्या आत फॉर्म परत आला नाही, तर तिचं काय करायचं ते तू नाही, मी नाही, एक समिती ठरवणार आहे. पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीकडून मिळवला. आधी तिने बरेच आढेवेढे घेतले, मग माझ्या प्रश्नांना कंटाळून दिला. तू मला चौकशीची खिडकी म्हणायचास ते काही उगाच नाही.

संस्थेच्या व्हरांड्यातल्या फरशीखाली आपण दोघांनी बसवलेली, मशीनला जोडलेली ती पट्टी आठवते? जिन्यापासून आपल्या खोलीच्या दारापर्यंत. तुझी आई न्हाणीघरात पडली आणि दोन तास कुणाला पत्ता नव्हता, तिथून ते खूळ सुरू झालं. जमिनीला बसणारे हादरे मोजायचे आणि घरात म्हातारं माणूस पडलं की बाहेर कळायला हवं, एवढंच आपल्याला करायचं होतं. पट्टीवरून जाणाऱ्या प्रत्येकाकडून आपण संमतीची सही घेतली आणि प्रत्येकाला नंबर दिला. कँटीनवाले काका एक नंबर, ट्रे भरलेला असला की त्यांची पावलं आखूड पडायची. शिपाई चार नंबर, साहेबांच्या खोलीकडे जाताना पाय ओढत आणि तिथून सुटला की पळत. तू सात. सायकलवरून पडल्यापासून तुझी डावी टाच जराशी उशिरा टेकते, ते तुझ्या आधी मशीनला कळलं होतं.

मग पैशांचं रामायण. आरोग्य खात्याने आपला प्रस्ताव दोनदा परत पाठवला, दोन्ही वेळा अगदी गोड भाषेत. मी संरक्षण संशोधनाच्या निधीची जाहिरात तुझ्यासमोर ठेवली तेव्हा तू चहाचा कप खाली ठेवलास, तो परत उचललाच नाहीस. सीमेच्या कुंपणावरच्या पहारेकऱ्याला अंधारात जनावर की माणूस ते कळत नाही, घाबरून तो गोळी झाडतो, आपलं मशीन ते सांगू शकेल, चुकून मरणारं कुणीतरी वाचेल, असं मी तावातावाने सांगत होते. तू म्हणालास की ते सगळं खरं आहे, पण आज जनावर की माणूस विचारणारे उद्या कोणता माणूस ते विचारतील. तुला चांगल्या कामातही खोट काढायची सवय लागली आहे, असं मी तुला सुनावलं. मी अर्ज भरला. तीन आठवड्यांत मंजुरी आली, आणि त्याच दिवशी तुझं टेबल रिकामं झालं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. भांडून गेलास त्याचा मला राग नव्हता रे. न सांगता गेलास त्याचा होता, आणि तो मी नऊ वर्षं नीट सांभाळला.

तू कशाकशाला मुकलास तेही सांगते. मंजुरीनंतर चाचणीसाठी चाळीस शेळ्या आल्या. सरकारी कागदावर त्यांना ‘चतुष्पाद नमुने’ म्हणायचे, आणि त्या नमुन्यांनी साहेबांची बाग आठवडाभरात फस्त केली. मशीनने दोन महिने आपल्या शिपायाला शेळी ठरवलं होतं, हे त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही. पण काम जमलं. पहिल्या वर्षी कुंपणावरून एक पहारेकरी मला भेटायला आला. समोर गुराखी आहे हे यंत्राने सांगितलं म्हणून त्याने बंदूक खाली घेतली होती. माझ्या मुलीच्या वयाचा होता तो पोरगा, असं त्याने दोनदा सांगितलं. त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली. थोडा भाव खावा असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात निधीचा पुढचा टप्पा ठरवायला समिती आली. त्यांचे प्रमुख अधिकारी अतिशय सभ्य, स्वतःचा चष्मा स्वतः पुसतात आणि शिपायालाही अहो म्हणतात. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, की माणूस आहे हे कळतं, तर तो कोण आहे हे कळेल का. तुझेच शब्द, फक्त आवाज वेगळा. मला म्हणता आलं असतं की नाही कळणार. पण माझं तोंड उघडण्याआधी माझा चेहराच बोलला असावा. कारण आपल्या जुन्या तेवीस जणांच्या नोंदींवर मी ते सहा महिन्यांपूर्वीच करून पाहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. होतं का ते बघू या, एवढंच डोक्यात होतं. दोष त्यांच्यावर ढकलायला मला आवडलं असतं, पण पहिली नाक खुपसणारी मीच.

मी एकच अट घातली. जुन्या लोकांनी वेगळ्या कामासाठी सह्या दिल्या होत्या, म्हणून प्रत्येकाला नव्याने विचारायचं, आणि जो नाही म्हणेल त्याची पावलं पुसून टाकायची. ती मान्य झाली, कारण नाही कुणी म्हणतच नाही. तेवीसपैकी बावीस सह्या आल्या. उरलास तू. तुझ्या नोंदी वेगळ्या काढायच्या म्हणून मी मशीनला सगळ्या जुन्या साठ्यातून सात नंबर शोधायला सांगितला. पट्टी बंद करायची आपण कायम विसरायचो ना, तशी ती मंजुरीच्या दिवशीही चालूच होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सात नंबर जिन्यावरून दारापर्यंत आला. थांबला. परत गेला. पुन्हा आला, परत गेला. तिसऱ्यांदा दारापाशी चार मिनिटं उभा होता. मधे दोनदा वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं, मग डावी टाच उशिरा टेकत टेकत जिन्याकडे. त्या दुपारी मी आतच होते. कानांवर हेडफोन घालून पावलांच्या नोंदी तपासत होते. दार वाजवलंस का तू? पट्टीला फक्त जमीन कळते, दार कळत नाही.

आता फॉर्म उलगड. तुझी पावलं ओळखीसाठी वापरू द्यायची का, एवढंच विचारलंय. हो म्हणालास तर तू कुठल्याही फरशीवर चाललास तरी कुणालातरी कळेल. तुझी बहीण सांगत होती, तू हल्ली वृद्धाश्रमांत फिरून आपलीच जुनी पट्टी हाताने बसवतोस, एकेक खोली, जमेल तशी. चाल बाबा, तसाच चाल, कुणाला न कळता. ‘नाही’वर खूण कर, सही कर आणि पाठव. मग नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर मीच ती नोंद पुसणार. ती चार मिनिटंही जातील. तू माझ्यापाशी आला होतास याचा तेवढाच पुरावा माझ्याकडे आहे, आणि तो मी या आठवड्यात इतक्या वेळा ऐकला की कँटीनवाले काका माझ्याकडे संशयाने बघतात. ती नोंद ठेवावीशी वाटते रे. फार वाटते. म्हणूनच हे काम तुझ्या हातात देतेय. बदल्यात मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, मशीनला न येणारं: त्या दुपारी काय सांगायला आला होतास? लिहून नको. खोली तीच आहे, जिनाही तोच. तू येशील तेव्हा पडद्यावर ‘अनोळखी’ असं येईल, आणि दार मी उघडेन.

तुझीच,
चौकशीची खिडकी