एकतीस आणि बत्तीस

सारंगखेडे,
ता. ११ जानेवारी १९६५

चि. चुनीलाल यास गिरधरमामाचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

तू नंदुरबारास तळ ठोकल्याचे कळले. मुंबईची प्रयोगशाळा सोडून सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात बसला आहेस, ही बढती की शिक्षा, एवढे कळव. तुझ्या आईला मी बढती म्हणून सांगितले आहे. पण तिची, म्हणजे आमच्या तापीबाईची, अडचण वेगळीच आहे. आपल्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी अंड्याला हात लावला नाही, आणि तू दहा वर्षे कोंबडीच्या अंड्यांत देवीचे विषाणू वाढवतोस. खात तरी नाहीस ना, असे विचारायला तिने सांगितले आहे. विचारले.

आता चेष्टा पुरे. यंदा यात्रेला घोडे पुष्कळ आले, त्यांच्याबरोबर देवीही आली. शेजारच्या दगूबाईचा मुलगा भिला घोड्यांना पाणी दाखवण्याच्या कामावर होता. परवा त्याच्या कपाळावर पुरळ उठले. दाराला कडुनिंब लागला, घरातली फोडणी बंद झाली. त्याची बायको रंजना आणि सहा वर्षांची कमली त्याच घरात आहेत. कमली रोज सकाळी माझ्या ओट्यावर शब्दरूपे म्हणायला येते. ‘रामः, रामौ’पर्यंत गाडी आली होती, बहुवचन राहिले. देवीवर नवे औषध निघाले आहे असे तू दिवाळीत म्हणाला होतास. ते माणसांसाठी आहे की अंड्यांसाठीच?

उत्तराची घाई आहे, एरवी तुझ्या आळसाला मी बोल लावला नसता.

गिरधरमामा

*

नंदुरबार,
ता. १२ जानेवारी १९६५

ती. गिरधरमामांच्या चरणी चुनीलालचा सा. नमस्कार.

पत्र एस. टी.च्या ड्रायव्हरने आणून दिले. अंडी खात नाही, आईला सांगा.

उद्या सकाळी लस टोचणाऱ्याला घेऊन जीपने येतो. लस दोघींनाही टोचायचीच. पण भिलाला ताप येऊन चार-पाच दिवस झाले असतील, तेव्हा लस उशिराची ठरू शकते. म्हणून वर गोळ्या. सकाळ-संध्याकाळ एक, तीन दिवस. प्रत्येकीची बाटली वेगळी, बाटलीवर क्रमांक. एकीची गोळी दुसरीला जाता कामा नये.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे रागावणार नाही. काही बाटल्यांत औषध आहे, काहींत खडूची पूड. रंग, चव सारखी. एका घरात दोन्ही खऱ्या असतील, दोन्ही खोट्या, किंवा एक-एक. कोणती कुठली, ते मलाही माहीत नाही. यादी मुंबईला मोहोरबंद आहे. अंड्यांत हे औषध विषाणूला थोपवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माणसांत थोपवते का, हे कळायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

तुमच्यावर भरवसा ठेवून येतो आहे.

आपला,
चुनीलाल

*

सारंगखेडे,
ता. १४ जानेवारी १९६५

चि. चुनीलाल यास आशीर्वाद. वि. वि.

काल तू जीपमध्ये बसून धुरळा उडवीत गेलास आणि खरी लढाई मागे राहिली. सुई टोचू दिली ती तुझी आई दारात उभी होती म्हणून. बाटल्या मात्र दगूबाईने उंबऱ्याबाहेर ठेवल्या. देवी घरमा शे, तिच्यासमोर औषध काढले तर ती कोपेल, म्हणे.

इथे माझी वीस वर्षांची मास्तरकी कामी आली. मी म्हटले, दगूबाई, गोळ्या आधी देवीपुढे ठेव. तिला दाखवलेले ते औषध राहत नाही, प्रसाद होतो. त्याने ती कशाला कोपेल? शास्त्राधार मी जागच्या जागी तयार केला, आणि तो इतका सुबक झाला की क्षणभर मलाही पटला. बाटल्या आत गेल्या. रंजनाची एकतीस, कमलीची बत्तीस, हे मी तिला तीनदा बजावले. मला आत मज्जाव आहे. पण गोळी गिळली की कमली खिडकीत येऊन जीभ दाखवते. तिची जीभ मी व्याकरणासाठी इतकी कधी तपासली नव्हती.

बत्तीस क्रमांकात काय आहे, हे तू मला कानात सांगितले असतेस तरी मी कोणाला बोललो नसतो. तुलाच ठाऊक नाही म्हणतोस. देवळातल्या देवाचीही हीच सबब असते.

इकडची काळजी कमी कर, जेवणाची थोडी वाढव.

गिरधरमामा

*

सारंगखेडे,
ता. १६ जानेवारी १९६५

चि. चुनीलाल यास आशीर्वाद.

आज थट्टा नाही. गोळ्या संपल्या म्हणून रिकाम्या बाटल्या मागायला गेलो. दगूबाईने त्या खिडकीतून दाखवल्या आणि मोठ्या समाधानाने सांगितले की पहिल्याच दिवशी दोन्ही बाटल्या तिने देवीपुढच्या ताटात ओतल्या, हळदकुंकू वाहिले, आणि त्या एका ढिगातून दोघींना दिल्या. मी क्रमांकांचे म्हणालो, तर मलाच विचारले, भाऊ, प्रसादमा तुन्हा-मन्हा कसाले?

तिचे काही चुकले नाही. प्रसाद मीच केला होता. मग तो वाटून खाल्ला जाणार, एवढे पुढचे मला सुचले नाही.

एका बाटलीत खरे औषध असेल, तर कमलीच्या वाट्याला किती गेले असेल? अर्धे? दुसरी बाटली धाडता येईल का? परतीच्या गाडीने कळव.

तुझा मामा

*

नंदुरबार,
ता. १७ जानेवारी १९६५

ती. मामांस सा. नमस्कार.

दुसरी बाटली माझ्याजवळ आहे. तशा साठ आहेत. पण तीत औषध आहे की खडू, हे मला कळत नाही. खरे असले आणि पोटात आधीच पुरते गेलेले असले, तर सहा वर्षांच्या मुलीला दुप्पट होईल. या औषधाने उलट्या होतात, आणि तापात ते वाईट. मी पाठवणार नाही. मुंबईला तार करून यादी उघडायची विनंती केली. एका घरासाठी उघडत नाहीत, असे उत्तर आले. ते बरोबर आहे. मीही तेच उत्तर दिले असते.

दोघींची नावे मला नोंदीतून काढावी लागतील.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. बारा दिवस वाट पाहायची. मी उद्या तळोद्याकडे निघतो. तिकडे सात घरे आहेत.

आपला,
चुनीलाल

*

सारंगखेडे,
ता. २ फेब्रुवारी १९६५

चि. चुनीलाल यास आशीर्वाद.

कमलीला एकविसाव्या तारखेला पुरळ आले. परवा दुपारी गेली. भिला उठून बसतो आहे, एका डोळ्याने दिसत नाही. रंजनाला काही झाले नाही. तिच्या दंडावर माहेरी टोचलेल्या जुन्या लशीचा वण आहे, असे तुझी आई म्हणते.

काल वर्गात शब्दरूपे म्हणायला सांगितली आणि बहुवचनाशी माझाच आवाज थांबला. मुलांना वाटले, मास्तर विसरले. तसेच वाटू दिले.

यादी उघडेल तेव्हा मला सांग. काहीही असो.

मामा

*

मुंबई,
ता. १९ ऑगस्ट १९६६

ती. मामांस सा. नमस्कार.

दोन हंगाम झाले. काल यादी उघडली. आकडे धड हो म्हणत नाहीत, धड नाही म्हणत नाहीत. आणखी एक औषध तपासायचे आहे. पुन्हा अंड्यांपासून सुरुवात.

एकतीस आणि बत्तीस शेवटी पाहिले. दोन्हींत खडू होता. म्हणजे ताटात काय मिसळले, याने काही बिघडले नाही. तुमच्या प्रसादाने कमलीचे काहीच हिरावले नाही. हिरावले असेल तर मी. मीच ती बाटली तिच्या दारी आणली. तिचे नाव माझ्या कोणत्याच रकान्यात नाही, मामा. औषध घेतलेल्यांत नाही आणि न घेतलेल्यांतही नाही.

आईला हे सांगू नका.

आपला,
चुनीलाल

*

सारंगखेडे,
ता. ३० ऑक्टोबर १९६६

चि. चुनीलाल यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राने माझे ओझे उतरले आणि तुझ्यावर चढले. अशा सुटकेचा आनंद कसा मानतात, ते मला कोणी शिकवले नाही. म्हणून उत्तराला दोन महिने लागले.

रंजनाला मुलगा झाला आहे, सहा महिन्यांचा. यात्रा आठ आठवड्यांवर आली. काल लस टोचणारा आला, तर दगूबाईने दार लावून घेतले. तिचा हिशेब साफ आहे. सुईमुये कमली गई, गोळीमुये रंजना वाचनी. आता नातवाला तीच गोळी हवी.

तुझ्या आईला नाही, पण तिला मी खरे सांगितले. म्हटले, दगूबाई, त्या गोळ्यांत नुसता खडू होता. रागावेल वाटले होते. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, मंग खडूच धाडाले सांग. माझ्या खिशात शाळेचा खडू होता, तो काढून दाखवला. हा नको, म्हणे. चुनीलालच्या हातचा हवा.

तुझ्या आईने समजावले, भिलाने त्याचा डोळा दाखवून समजावले. रंजना मुलाला पदराखाली घेऊन बसते. दार आतून बंदच आहे.

दोन्ही बाटल्या दगूबाईने राखेने घासून, उन्हात वाळवून, तुझ्याकडून भरून आणायला माझ्या हाती दिल्या आहेत. या पत्रासोबत पाठवीत आहे. क्रमांक अजून वाचता येतात. त्या भरू नकोस, हे तुला सांगायला नको. पण रिकाम्या परत धाडू नकोस. मला त्या तिच्या हाती देववणार नाहीत. जमले तर यात्रेआधी तूच ये. ती तुझे ऐकेल, असे मात्र मी लिहीत नाही.

आमची माया आहे तशीच आहे; तीही या टपालात धर.

तुझा,
गिरधरमामा