आधी जेवून घेजो

बाबा,

काल मला एडिनबरामध्ये एका नाट्यगृहाच्या बाईंनी झापलं. खेळ चालू असताना प्रेक्षकांत बसून मोठ्यानं बोलल्याबद्दल. मी पन्नाशीची बाई, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, आणि शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून ऐकत होते. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, पण काल तुमची जेवढी आठवण आली तेवढी एवढ्या वर्षांत आली नसेल. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती अगदी शेवटी सांगेन, कारण मी तेव्हा भित्री होते ती अजून तशीच आहे.

आधी माझी नोकरी सांगते, नाहीतर तुम्ही मधेच विचाराल. जगभरच्या शहरांत हसवणाऱ्यांचे, नाचणाऱ्यांचे, नाटकवाल्यांचे मेळे भरतात. तिथं जायचं, दिवसाला चार-पाच खेळ पाहायचे आणि चांगले वाटतील ते आपल्याकडच्या महोत्सवासाठी निवडायचे. आईला हे काम आहे असं अजून वाटत नाही. नालवाडीत शेजारणींनी विचारलं की ती म्हणते, "लोकायच्या गमती पाहाले इमानात बसून जाते. वावरात निंदाले बोलावलं तं कंबर दुखते तिची." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कुठंही गेले तरी तुम्ही शेजारच्या खुर्चीत येऊन बसता, हे तिला सांगितलेलं नाही. तोक्योत एक म्हातारबुवा गादीवर गुडघे टेकून दोन शेजाऱ्यांचं भांडण एकटेच करून दाखवत होते. तुम्ही असतात तर मधे पडून सोडवलं असतं. माँट्रियालमध्ये एक माणूस तासभर एका शिडीवर चढायचा प्रयत्न करून पडत होता. लोक हसून बेजार झाले, आणि मला एकच दिसत होतं, की तुम्ही उठून शिडी धरली असतीत.

तुमचा तो स्वभावच होता, आणि तो तुम्हाला खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यानं लावला होता. दिवाळीनंतर वस्तीत गंमत उभी राहायची, लुगडं नेसलेले मिशा भादरलेले बाप्ये नाचायचे, आणि मधेच त्यांच्यातला एखादा पुढे येऊन लोकांना विचारायचा, "काऊन गा, म्या आता काय करू?" तेव्हा खालून कुणीतरी उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर तो गंमतवाल्याचा अपमान, आणि सगळ्या वस्तीची नाचक्की. हे उत्तर द्यायचं काम आपसूक तुमच्याकडे आलं होतं. दिवसभर मेथी-पालक विकून बसलेल्या घशानं तुम्ही असं काही बोलायचात की नाचणारे पदर तोंडात कोंबून हसायचे. मला तुम्ही शिकवलं होतं, "वरून आलेला सवाल भुईवर पडू द्याचा नाई. पडला का गंमत मेली."

मी मात्र वर्ध्याला कॉलेजात गेले आणि शहाणी झाले. एकांकिका स्पर्धेत आमच्या नाटकात मला भूमिका मिळाली. प्रेताची. पडदा उघडतो तेव्हा आई मेलेली आहे, मी मंचाच्या मधोमध पांढऱ्या चादरीखाली आडवी, आणि शेवटपर्यंत तशीच. दिग्दर्शकानं मला दोन महिने श्वास घ्यायला शिकवलं. पोट हलता कामा नये, नाकपुडी हलता कामा नये. मी घरी आडवी पडून सराव करायची आणि आई म्हणायची, "हे असं तं मी रोज दुपारी करते, मले कोणी बक्षीस नाई देत."

नाटकाचा सगळा जीव एका वाक्यात होता. मुलगा माझ्या पायाशी कोसळतो आणि विचारतो, "आई, आता मी कुठं जाऊ? सांग ना, मी कुठं जाऊ?" त्यानंतर लांबलचक शांतता. दिग्दर्शक म्हणायचा, बक्षीस या शांततेत आहे.

तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. धुतलेला पायजमा, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. मुलगा कोसळतो. विचारतो. शांतता पसरते. आणि त्या शांततेत तुमचा बसका, मायेनं ओथंबलेला आवाज येतो, "आमच्या घरी चाल ना बापू. आधी जेवून घेजो, मंग पाहू."

सभागृहात हशा फुटला. परीक्षकांतल्या एक बाई टेबलावर डोकं टेकवून हसत होत्या असं मला नंतर कळलं. मुलगा झालेला नट माझ्या पायांत तोंड खुपसून थरथरत राहिला, आणि लोकांना वाटलं तो रडतोय, म्हणून ते आणखी हसले. बक्षीस गेलं. दिग्दर्शक चार दिवस कॉलेजात आला नाही.

मी मेकअपच्या खोलीबाहेर, सगळ्यांसमोर, तुम्हाला बोलले. तेही आपल्या बोलीत नाही, कॉलेजात नव्यानं शिकलेल्या शुद्ध भाषेत. "तुम्हाला काही समजतं का? तुमच्यामुळे आमचं नाटक पडलं. यापुढे माझ्या एकाही प्रयोगाला येऊ नका." तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. "इचारलं ना त्यानं, माय," म्हणालात. "इचारल्यावर कोणी बोलाले नोको?" मग पिशवी माझ्या मैत्रिणीकडे देऊन निघून गेलात. आत तुरीच्या उकडलेल्या शेंगा होत्या, सगळ्या नटमंडळींसाठी. आम्ही त्या खाल्ल्या. मी रडत रडत खाल्ल्या आणि दुसऱ्यांदा घेतल्या.

पुढं नऊ वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही माझा तो शब्द पाळलात. मी चार-सहा महिन्यांतच निवळले होते, आडून आडून बोलवायचे, पण "चुकले" हा एक शब्द सोडून बाकी सगळं म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "वांग्याले पाणी द्याचं हाय." वांग्याला सकाळीच पाणी दिलेलं मी पाहिलेलं असायचं. एकदा सेवाग्रामला प्रयोग होता, बस चुकली, म्हणून तुम्ही मला लुनावर सोडायला आलात. म्हटलं, आता आत चला. तुम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर सभागृहाकडं पाठ करून बसलात आणि विचारलंत, "अठी बसून हासलो तं चालते ना?" मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, तेव्हाच तुमच्या शेजारी बाकावर बसायला हवं होतं.

तर काल. एका दारूच्या दुकानाखालचं, मेळ्यापुरतं नाट्यगृह केलेलं तळघर, आम्ही अकरा प्रेक्षक, ओलसर छत्र्या, आणि विशीतली एक पोरगी एकटीच हसवायला उभी. तिचं काहीच लागत नव्हतं. तिचा आवाज बारीक होत चालला होता. जोडीदारानं घराबाहेर काढल्याची गोष्ट ती सांगत होती, आणि सुटकेस घेऊन पावसात उभी आहे असं दाखवून तिनं विचारलं, आता मी कुठं जायचं? बाकीचे दहाही जण बुटांकडं पाहत बसले. सवाल खाली येताना मला अक्षरशः दिसला, बाबा. आणि मी मागच्या रांगेतून म्हणाले, अस्सल आपल्या बोलीत, "आमच्या घरी चाल ना बाई. आधी जेवून घेजो, मंग पाहू."

ती थबकली. काय म्हणालात, विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. तिनं विचारलं, जेवायला काय आहे? मी म्हटलं, वांगं. मग त्या पोरीला जे काही सापडलं! पुढचा अर्धा तास ती प्रत्येक संकटातून त्या वांग्यापाशी येत होती, आणि अकरा माणसं शंभर असल्यासारखी हसत होती. शेवटी तिनं मला हात जोडले. नाट्यगृहाच्या बाईंना मात्र हे रुचलं नाही. निवड करायला आलेल्यांनी खेळात बोलू नये, असा नियम आहे म्हणाल्या. मी म्हटलं, तिनं विचारलं होतं.

आज सकाळी न्याहारीच्या टेबलावर, खेळांच्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूला हे लिहिते आहे. घडी घालून पर्समध्ये ठेवीन, आणि नालवाडीला गेले की आईनं विचारलं तर सामानाची यादी आहे म्हणेन. राहिलेली गोष्ट आता सांगते. तुम्ही बोललात तेव्हा सभागृहात कुणीही हसलं नव्हतं. एक क्षण सगळे गप्प होते, नाटक अजून वाचलं असतं. मग चादर हलली. दोन महिन्यांचा सराव करून मी जेमतेम एवढा वेळ तग धरला, आणि चादरीखालून फिस्सकन आवाज आला, तो ऐकून लोक हसले. मी डोळे मिटून होते, तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. तुम्हाला ते नक्की दिसलं असणार, आणि तरी दाराबाहेर माझं सगळं बोलणं तुम्ही ऐकून घेतलंत. नाटक मी पाडलं, बाबा. आधी मी हसले होते.