सहा ते सात, फक्त महिलांसाठी

३ जून
आमच्या क्रीडा संकुलातल्या महिलांच्या व्हॉलीबॉल वर्गाला आजही दोघीच. चेंडू बारा! साहेबांचं म्हणणं, बायकांना खेळाची आवडच नाही. आता वरून सल्लागार बाई येणार आहेत. ‘माणूस केंद्रस्थानी ठेवून आखणी’ शिकवणार म्हणे. मग आजवर केंद्रस्थानी कोण होतं? विचारलं नाही. नोकरी आहे.

५ जून
दिवसभर भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एक काल्पनिक बाई तयार केली — वय चौतीस, दोन मुलं. खोलीत आम्ही आठ पुरुष, त्यामुळे तिचं मन ओळखायला फारसा वेळ लागला नाही. साहेबांच्या मते तिला गुलाबी रंग आवडतो. टाळ्या.
सल्लागार बाई शांतपणे म्हणाल्या, आता खऱ्या बायकांना विचारून या.
साहेब दचकले. "अहो, पण विचारलं तर त्या सांगतील ना!"

६ जून
दहा घरांचे फॉर्म माझ्या गळ्यात.

८ जून
नऊ झाले. सगळ्यांचा सूर एकच — संध्याकाळी सहाला घर टाकून यायचं कसं? दहाव्या घराला कुलूप. पाय बोलायला लागले होते. म्हटलं, बायकोलाच विचारू, तेवढंच काम उरकेल.
ती कपड्यांच्या घड्या घालत होती. खेळायला का येत नाही, हा प्रश्न मी वाचून दाखवला. मान वर न करता म्हणाली, "सहाला मुलांचा अभ्यास, आईंचं औषध. घरात दुसरं असतं कोण? बायकांना खेळायला कसं आणायचं, याच्या मीटिंगला तुम्ही गेलेले असता."
मग सहज सांगितलं — कॉलेजात ती व्हॉलीबॉल संघाची कर्णधार होती. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी कधी विचारलंच नव्हतं.
‘कारण’ या रकान्यात खरं तर माझं नाव हवं. ‘वेळेअभावी’ लिहिलं. लाज वाटली.

१० जून
अहवाल मांडला. वेळ बदला म्हणालो. साहेबांनी मनापासून ऐकलं. निर्णय — जाळी गुलाबी करायची. नेमका कुठला गुलाबी, ते ठरवायला रोज सहाला मीटिंग.

११ जून
मीटिंगला गेलो नाही. आईला औषध दिलं, धाकटीचे पाढे घेतले. बायको साडेसातला आली — गुडघा सोलवटलेला, चेहरा मी कधी न पाहिलेला. मलम लावायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या. उद्या परत फुटणारच आहे."