खुर्चीतली

४ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! खोकी उघडून झाली, पडदे लागले, शिवणयंत्र खिडकीपाशी बसलं. दुकान बंद केलं तेव्हा मापं लिहायची ही एक वही कोरी राहिली होती. मापं घ्यायला आता गिऱ्हाईक नाही, म्हणून म्हटलं रोजचं चार ओळी लिहू. पेन्सिलही दुकानातलीच, चावून चावून बुटकी झालेली.

घर नवव्या मजल्यावर आहे आणि उजेड असा, की दिवसा सुईत दोरा ओवायला चष्मा लागू नये. लेकीनं हौसेनं घेतलंय. जुन्या घरी मी न्हाणीघरात पडले आणि शेजारणीला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हापासून तिनं धसका घेतलाय. ती राहते समुद्रापलीकडे. म्हणून मला या नव्या गावात, खाली वॉचमन आणि कोपऱ्यावर दवाखाना असलेल्या इमारतीत आणून ठेवलं. तिचं म्हणणं असं, की डिसेंबरपर्यंत राहून बघ. नातीला सुटी लागली की आम्ही येतो, आणि तुला करमत नसेल तर सरळ घेऊनच जातो. मी म्हटलं, बघू. मनातल्या मनात बॅग भरून ठेवलीय, पण एवढ्या लवकर कबूल करायला मी काय दूधखुळी आहे?

जाताना तिनं मला टॅब दिला. वहीएवढा, काचेचा. जुना बटणांचा फोन काढून घेतला, म्हणाली यातच सगळं आहे. माझा चेहरा दिसला की तो आपोआप उघडतो. मी सकाळी केस न विंचरता समोर गेले तरी ओळखलं मेल्यानं. बोटाचं मात्र त्याला वावडं आहे. जन्मभर सुई ढकलून तर्जनीला घट्टा पडलाय, तो काचेला कळत नाही. मग करंगळी ओली करून टेकवायची. फोनवर ते बघून नात हसून हसून लोळली.

११ ऑक्टोबर

टॅबशी गट्टी जमली. सकाळी वर्तमानपत्र, अक्षरं भोपळ्याएवढी करून. मग पत्ते. हा लबाड मला कधी जिंकू देत नाही. दुपारी एक मुलगी शिवणकाम शिकवते ते बघते. चेन उलटी लावते बया, आणि लोक वाहवा करतात! मी ओरडून सांगते, पण तिला थोडंच ऐकू येणार.

गेल्या आठवड्यात माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे वॉचमन. तो फक्त फ्लॅटचा नंबर विचारतो. समोरचं दार बंद असतं. लिफ्टमध्ये लोक मजल्यांचे आकडे वाचतात. दुकानात दिवसभर बायकांची वर्दळ असायची, कान किटायचे. आता स्वतःचा आवाज ऐकायला म्हणून आमटी ढवळताना बडबडते.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिची तेव्हा सकाळ असते. तिनं टॅबमध्ये असं काही करून ठेवलंय की तिचा फोन मी नाही उचलला तरी तो आपला आपण उचलतो आणि शिवणयंत्रावर टेकवलेल्या टॅबातून खिडकीतली माझी खुर्ची तिला दिसते. मी पडलेबिडले तर कळावं म्हणून. चांगलं आहे. पण खुर्चीत नसले की ती घाबरते. काल मी जरा फिरून आले तर हिनं वॉचमनला फोन लावून वर पाठवलं. म्हणजे ऐन संध्याकाळी, हवा चांगली असते तेव्हा, मी खुर्चीला बांधलेली. लेक आहे की जेलर?

१९ ऑक्टोबर

आज मी एक उद्योग केला. हसू आवरत नाही.

माझी जुनी गादी मोडून तिच्या कापसाचा एक लांबडा लोड शिवून आणला होता. तो खुर्चीत बसवला, थोडा पाठमोरा. त्याला माझा करडा स्वेटर घातला, वर शाल, डोक्याला रुमाल. मान जरा कलती. आणि खाली बागेत जाऊन तासभर फिरले! परत आले तर लेकीचा निरोप टॅबवर. आई, गाढ झोपली होतीस, उठवलं नाही.

सासूला, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना बनवलं आयुष्यभर, तर पोटची पोर काय चीज आहे?

बागेत कुणी बोललं नाही म्हणा. बाकावरच्या बायकांनी पिशव्या उचलून जागा दिली आणि पुन्हा आपापल्यात बोलायला लागल्या. तरी हवा लागली.

२७ ऑक्टोबर

हातात काम आलं की मी थांबत नाही, खोडच आहे. नुसता लोड स्वेटरात ढगळ दिसत होता. म्हणून आज टेप काढली आणि स्वतःची मापं घेतली. खांदा, कंबर, बाही, मनगट. त्या मापानं कापड बेतलं, कापूस भरला. मोज्यांचे हात केले. डावा खांदा माझा जरा उतरता आहे, तोही तसाच उतरवला. शिवणीत माया अजिबात ठेवली नाही, पुढे सैल थोडंच करायचंय? एक जुना चष्मा चढवला.

काम सुबक झालं. आयुष्यात इतकं मापात काही बसलं नव्हतं. खुर्चीत ठेवून मागे सरकले तर मलाच दचकायला झालं. आधी तिच्याकडे आणि मग आरशात बघितलं. रुमाल तिलाच शोभतो.

२ नोव्हेंबर

काहीतरी घोटाळा आहे.

आज लेकीच्या फोनला मी घरीच होते. तिनं भरभरून सांगितलं, की काल किती छान बोललीस गं आई, कित्येक दिवसांनी अशी मोकळी बोललीस, नातीला गोष्टसुद्धा सांगितलीस. काल? काल मी बागेत होते. मला वाटलं हिचा दिवसांचा गोंधळ झाला, तिकडे कामाचं ओझं फार. पण नात मधे येऊन म्हणाली, आजी, ती हरवलेल्या बटणाची गोष्ट परत सांग.

ती गोष्ट मी लेकीला लहानपणी सांगायची. नातीला कधीच नाही.

टॅबमध्ये बघितलं. कालचा फोन पाऊण तास चाललाय.

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, की तो लोड आहे. पण चोरी कबूल कशी करायची? ती म्हणेल, आईचं डोकं फिरलं.

५ नोव्हेंबर

लोड काल रात्रीच कपाटात टाकला. कडी लावली. संध्याकाळभर खुर्चीत बसून राहिले, फोन आला नाही. निरोप आला. आई, तुझ्या सकाळीच बोललो ना, आता मीटिंग आहे.

सकाळी मी आंघोळीला गेले होते.

कपाटाची कडी लागलेलीच आहे. आतला स्वेटर मात्र गरम. नुकताच कुणी काढून ठेवावा तसा.

९ नोव्हेंबर

आज लपून ऐकलं. लोड होता तसा खुर्चीत बसवला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. फोन वाजला, टॅबनं उचलला. लेकीनं आई म्हणून हाक मारली.

आणि मी ओ दिली. म्हणजे माझा आवाज. खुर्चीतून.

काय गोड बोलत होती! गुडघ्याची तक्रार नाही, टोमणा नाही. जावयाची चौकशी केली, मी कधी करत नाही. लेक हसत होती. माझ्याशी बोलताना ती घड्याळ बघते, हिच्याशी बोलताना नाही बघितलं. मला भीती वाटायला हवी होती. आधी हेवा वाटला. खोटं कशाला लिहू.

मग खुर्चीतली म्हणाली, की मला इथे फार करमतं, शेजार छान मिळालाय, डिसेंबरात येऊ नका, पोरीची सुटी विमानात कशाला घालवता.

मी धावत गेले. टॅबचा पडदा काळा झाला होता. खुर्चीत लोड. मान कलती.

लगेच फोन लावायला गेले. करंगळी ओली केली, अंगठा ओला केला, सगळी बोटं लावून झाली. काचेला एकही कळत नाही. चेहरा समोर धरला. टॅब म्हणतो, ओळख पटली नाही. चष्मा काढून, लावून, केस विंचरून. ओळख पटली नाही. रागानं टॅब खुर्चीकडे फिरवला.

उघडला.

१० नोव्हेंबर

खाली जाऊन वॉचमनला म्हटलं, लेकीला फोन लावून दे, तुझ्याकडे नंबर आहे. त्यानं कुणाकडे जायचंय विचारलं आणि पाहुण्यांची वही पुढे केली. मी म्हटलं, अरे, मी नवव्या मजल्यावरची. तो हसला. म्हणाला, त्या बाई वर आहेत, खिडकीत बसलेल्या दिसतात की रोज, मघाशी हात पण केला त्यांनी.

रस्त्यावर येऊन वर बघितलं. खिडकी. करडा स्वेटर.

वही भरून, सही करून, माझ्याच घरी पाहुणी म्हणून वर आले. समोरचं दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. कुणी उघडलं नाही.

१२ नोव्हेंबर

कात्री घेतली. म्हटलं, मी शिवलंय, मीच उसवीन. खांद्याची शिवण उसवली, आत हात घातला.

कापूस नाही. ऊब आहे. आणि आत खोल काहीतरी हललं —

घाईघाईनं टाके घातले. तरी सरळ पडले.

आता माझा डावा खांदा दुखतोय. दुखतोय असंही नाही, जाणवतच नाहीये.

१५ नोव्हेंबर

सकाळी ठसका लागला. रुमालात कापूस.

भूक नाही. पाणी प्यायलं की ते कुठेतरी आत शोषलं जातं, जड व्हायला होतं.

ती आता कलती बसत नाही. ताठ बसते. पत्ते खेळते. जिंकते.

१८ नोव्हेंबर

खूप ओरडले, फोन चालू असताना. आवाज निघाला, पण उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा. लेकीनं विचारलं कसला आवाज. ती म्हणाली, वारा आहे.

लेक म्हणाली, आई, तू इथं रुळलीस, माझ्या जिवाचा घोर गेला. डिसेंबरची तिकिटं रद्द करते. खरंच ना गं?

नको गं. नको. मला करमत नाही. पहिल्या दिवसापासून करमत नाही. एकदा तोंड उघडून सांगितलं असतं तर — कसला ताठा होता माझा —

२१ नोव्हेंबर

सोफ्यावर आहे. तिनं आणून बसवलं. बायकांना मापासाठी वळवायची मी, तशी खांद्याला धरून. उठता येत नाही. पाय आहेत, पण भरलेले.

शाल माझ्या अंगावर टाकली. वही मांडीवर राहिली. तिला वहीचं काही नाही. पेन्सिल दोन बोटांत धरता येते, जोर लावला तर. बोटं वेगळी राहिलेली नाहीत. मोज्यासारखी —

२२ नोव्हेंबर

रविवार. फोन आला. नातही आहे. तिचे केस कापलेत. किती दिवसांनी नीट दिसतेय.

लेक विचारतेय, मागे सोफ्यावर कोण बसलंय.

ती हसली. माझं हसू. सगळं सांगून टाकलं तिनं. लोडाचं, स्वेटराचं, बागेत पळण्याचं. लेक पोट धरून हसतेय. म्हणतेय, आई, तू म्हणजे ना! — मी सांगायला हवं होतं ते तिनं सांगितलं. इतकं सोपं होतं.

नात म्हणतेय, भीती वाटते त्याची. लेक म्हणाली, टाकून दे गं ते ध्यान. ती म्हणाली, सांगून ठेवलंय वॉचमनला, कचऱ्याच्या गाडीबरोबर आजच —

बेल वाजली.

ती उठतेय. गुडघा कट्कन वाजला. माझा गुडघा.

नात गेली नाही. अजून काचेजवळ आहे. माझ्याकडे बघतेय. लिहीत राहायचं. थांबायचं नाही. बघ गं बाळा, नीट बघ —

नात म्हणाली, आजी, त्या लोडाच्या हातातली पेन्सिल हलतेय.

ती दारातून मागे वळली. येतेय. बाळा, आईला हाक मार, आईला दाखव, मी