भाजलेल्या देवीचे डोळे

तारोडी,
१० सप्टेंबर २०२५

चि. नेत्रास कृष्णाकाकीचा आशीर्वाद.

मी काय तुला येडी वाटले? चहाला म्हणून पूनम सागरला तुझ्या घरी बोलावलंस, ओली माती पुढ्यात ठेवलीस, म्हणालीस, काकी, तू देवीचे डोळे कसे करायचीस ते दाखव, माझ्या प्रदर्शनाला हवंय. मी मेली बोलता बोलता करून बसले. काल तुझ्या आईनं मोबाइल नाकासमोर धरला. म्हणे, यंदा घटाला आपल्या नेत्राच्या हातचा देवीचा मुखवटा, भट्टीत भाजून पक्का केलेला. फोटोत डावा डोळा खाली उतरलेला. कोयतीनं माझा अंगठा कापला तवापास्नं या घरात असा डोळा माझ्याच हातून होतो.

मुखवट्याचे डोळे सवाष्णच उघडते, हे तुला ठाऊक हाय. माझं लगीन झाल्यापास्नं मीच उघडायची. तुझा काका गेला त्या साली तुझ्या आईनं, हंसानं, मातीचं ताट स्वतःकडं ओढलं. मी उठून चुलीकडं गेले. आता खरं सांग, तो मुखवटा माझ्या हातचाच ना? फोनवर विचारलं असतं, पण तुझी आई कान टवकारून बाजूलाच असते. म्हणून शेजारच्या भाविकाकडं चिठ्ठी देतेय, ती तुमच्याच साइडला कामाला येते.

लोभ हाय. खोटं बोललीस तर मग बघ.

तुझी काकी

मीरा रोड,
१३ सप्टेंबर

ती. काकीस नेत्राचा सा. नमस्कार.

चिठ्ठी देताना तू भाविकालाही दोन शिव्या घातल्यास म्हणे, म्हणजे तब्येत बरी दिसतेय.

काकी, मी दोन वर्षं देव्याच घडवतेय आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो. देवी बाईच, मग तिच्यापासून बाईला लांब कोणी बसवलं? नवरा गेला म्हणून अंगठा बाटतो का गं? तुला आधी सांगितलं असतं तर तू मातीला हातच लावला नसतास. पूजा होऊ दे, मग सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलंय. माझी मैत्रीण मृणालिनी त्या दिवशी कॅमेरा घेऊन येतेय. तोवर आईला काही बोलू नकोस.

रागाखालची माया तशीच असू दे.

तुझी नेत्रा

तारोडी,
१६ सप्टेंबर

चि. नेत्रास आशीर्वाद.

सगळी चिठ्ठी वाचली, ‘हो’ कुठंच लिहिलेलं न्हाय. पण कॅमेरा कशाला ते कळलं. हंसाचं तोंड कसं पडतं ते टिपायचं, आणि माझंबी. मी काय तुझ्या प्रदर्शनात मांडायची वस्तू हाय? हंसानं ताट ओढलं तवा मला विचारलं न्हाय. तू माती पुढं केलीस तवा तूबी विचारलं न्हाईस. मायलेकी सारख्याच.

अंगठा बाटत न्हाय, ते मला शिकवू नको. त्या दिवशी हाताला माती लागली आणि बरं वाटलं. सरळ विचारलं असतंस तर कदाचित हो म्हणाले असते. पण पुढचा विचार केलास? ओली माती असती तर हंसानं नको म्हटल्यावर भरतीच्या पाण्यात सोडली असती, गुपचूप विरली असती. भाजलेली विरत न्हाय. नको म्हटलं तर फोडायला लागंल. माझ्या हातचे डोळे माझ्यासमोर कोण फोडणार, तू?

तर कॅमेरा नको. घट बसायच्या आधी एकटी ये आणि हंसाला तोंडावर सांग, डोळे कुणी उघडले ते. मी तिथंच बसते. ती बोलेल ते ऐकून घेईन, मलाबी तोंड हाय. ती हो म्हणाली तर मुखवटा मी माझ्या हातानं बसवणार. न्हाय म्हणाली तर देवी माझ्या खोलीत येईल, फोडायची न्हाय.

रागावलीस तरी काकी म्हणायचं सोडू नको. येतेस का न्हाय, ते शुक्रवारच्या आत लिहून पाठव. शनिवार उजाडला तर हंसाला मीच सांगणार.

कृष्णाकाकी