कुरवाचा खांब

६ जानेवारी २०१८, चिखले
पोचले एकदाची! डहाणू रोडला रिक्षावाला माझा तंबू बघून म्हणाला, मावशी, सर्कस कुठे लावताय? एकसष्टाव्या वर्षी एकटीने तंबू ठोकणं म्हणजे सर्कसच. इथले बागायतदार तात्या, त्यांनी आपल्या चिकूवाडीच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली जागा दिली. समोर काळे खडक, चिखल, ओहोटीचा समुद्र. चहा घ्यायच्या आधीच दुर्बीण लावली. कुरव म्हणजे आपले सीगल, सुरय, चिखलात चोच खुपसणारे तुतवार. शाळेत असताना सिस्टर फिलोमिना आम्हाला इथेच सहलीला घेऊन आल्या होत्या. पक्षी दाखवताना त्या बोट करत नसत, अख्खा तळहात पुढे धरत, जणू त्याला बसायला जागा देतायत.

७ जानेवारी
शेजारीच एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कोळीण अंबूबाईंच्या वलांडी आहेत, म्हणजे बांबूंच्या रांगा. त्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातलेले. त्यांनी चहा दिला आणि माझ्या टोपीला पोटभर हसल्या. मधोमध उंच खांबावर एक मेलेला कुरव उलटा टांगला होता. वाडीत कावळे येऊ नयेत म्हणून मेलेला कावळा टांगतात, त्यातलाच प्रकार वाटला. पण त्याचे ते पसरलेले पांढरे पंख! अंबूबाई बाजारात गेल्यावर मला राहवलं नाही. उतरवला, सुरूखाली पुरला, लहानपणीची प्रार्थना म्हटली.

८ जानेवारी
अंबूबाई खूप ओरडल्या. कुरव पाखरांना भिववायला नव्हता म्हणे. भरतीबरोबर जे वर येतं, ते खांब भरलेला बघून परत जातं. त्यांच्या सासूच्या सासूपासून खांब रिकामा राहिलेला नाही. ज्याने उतरवला त्यानेच आता दुसरा मारून टांगायचा. तुझी दया तुझ्या घरी ठेवायचीस ना, बाय! मी माफी मागितली, पण पाखरू मारायला नाही म्हटलं. तात्या म्हणाले, म्हातारीच्या डोक्यात खारा वारा गेलाय, लक्ष देऊ नका मॅडम.

९ जानेवारी
सकाळी खांबावर अंबूबाईंची शेळी होती. उलटी. गळ्यापासून शेपटीपर्यंत फाडलेली, आतडी वाळूला टेकलेली. वाळूत एकही पाऊल नाही. संध्याकाळच्या भरतीनंतर शेळी नव्हती, दोरी तेवढी होती. तात्या चिडले. हे कुणा माणसाचंच काम, पहाटे काठी घेऊन खांबाशी बसतो, म्हणाले.

१० जानेवारी
तात्या.
खालचा जबडा बांबूत अडकवून टांगले होते, बोंबलासारखे. तोंड ओळखू येत नव्हतं. मी अंगठीवरून ओळखलं. पोलिसांनी त्यांना नेलं. मलाही गाडीत बसा म्हणाले. नाही बसले. अंबूबाई घर सोडत नाहीत. आता किनाऱ्यावर त्याच राहिल्यात. मी गेले तर उद्या त्या.

११ जानेवारी
मारला.
अंबूबाईंनी जाळ्यात धरून माझ्या हातात दिला. किती ऊब होती त्याला. मान पिरगाळली आणि तो किंचाळला, म्हणून मी थांबले. थांबायला नको होतं. तुटक्या मानेने त्याने माझ्या बोटाचा लचका तोडला. दुसऱ्यांदा डोळे मिटून, दात आवळून— कट्‌.
टांगला. सिस्टर, माफ करा.

१२ जानेवारी
तंबूच्या दारात कालच्या कुरवाचे दोन तुकडे. डोकं वेगळं.
अंबूबाई म्हणतात, त्याला माणसाची गोडी लागली, पाखरू आता चालायचं नाही. मग साखर जास्त घालून चहा दिला. तू जा बाय, मी चढते, माझं काय राहिलंय, म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. नाही. चूक माझी. उद्या मीच—

१३ जानेवारी
दुपार. भरती चढतेय.
दोरी घेऊन खांबापर्यंत गेले. खरंच गेले. वर बघितलं.
परत आले.
अंबूबाई पाठमोऱ्या बसल्यात. बोंबील उलटवतायत. जेवलीस का, विचारलं. जेवले म्हटलं. खोटं.
किती बारीक झाल्यात त्या.
त्यांनीच म्हटलं होतं, माझं काय राहिलंय.
दोरी अजून माझ्या हातात आहे. काल याच हातांनी त्यांना मिठी मारली. आज—
पाणी खांबाला लागलं. अंबूबाई अजून वळल्या नाहीत. या वेळी मध्येच थांबायचं ना